हार्पेंडेन स्किनफोल्ड कॅलिपर: प्रयोगशाळेत हवाच, दप्तरात नको

क्रीडाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात शरीरमापनाचं प्रात्यक्षिक आलं की स्वतःचा कॅलिपर, म्हणजे चिमटीत धरलेल्या कातडी आणि तिच्याखालच्या चरबीच्या घडीची जाडी मोजणारा चिमटा, घ्यावा का, हा प्रश्न येतोच. हार्पेंडेन हा त्यातला जुना, धातूचा आणि भरवशाचा. जबडे कमी उघडोत की जास्त, दाब दर चौरस मिलिमीटरला 10 ग्रॅमच्या आसपास राहतो. चरबी दाबली की चपटी होते, त्यामुळे या यंत्राची खरी किंमत या एकसारख्या दाबात आहे. अंगठ्याने दाबून 'टक्' वाजवायच्या स्वस्त कॅलिपरमध्ये नेमकं हेच हुकतं.

डायलवर 0.2 मिलिमीटरपर्यंत वाचता येतं, पण नवखे इथेच फसतात. मोठ्या काट्याची एक फेरी म्हणजे 20 मिलिमीटर, आणि फेऱ्या मोजायला आत छोटा काटा आहे. तो बघितला नाही तर मांडीची 24 ची घडी वहीत 4 होऊन बसते. सुरुवातीला जबडे मिटवून काटा शून्यावर आहे ना, तेही बघा.

बाकी सगळं बोटांवर. दंडाच्या मागची घडी घ्या: खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मध्यावर पेनाने खूण करा, डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने खुणेवर उभी घडी धरा, खालचा स्नायू चिमटीत येऊ देऊ नका. जबडे बोटांपासून 1 सेंटीमीटर खाली, नखाच्या मध्याइतके खोल, घडीला काटकोनात. जबडे उघडणारा खटका पूर्ण सोडा आणि 2 सेकंदांनी वाचा. जास्त थांबलात तर चरबी दबत जाते आणि आकडा घसरत राहतो. वाचून होईपर्यंत चिमूट सोडायची नाही. काढताना जबडे आधी उघडा, नाहीतर कातडी ओरबाडते. सगळ्या जागा एकदा मोजून झाल्या की मगच दुसरी फेरी. दोन आकड्यांत 5 टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा आणि तिन्हींतला मधला धरा. व्यायामानंतर लगेच मोजू नका, त्वचेत रक्त उतरलेलं असतं.

चूक किती महागात पडते ते बघा. वीस वर्षांच्या मुलाच्या छाती, पोट आणि मांडीच्या घड्यांची बेरीज 45 मिलिमीटर असेल, तर जॅक्सन-पोलॉक (घड्यांवरून शरीराची घनता) आणि सिरी (घनतेवरून चरबी) यांच्या सूत्रांनी चरबी वजनाच्या सुमारे 12.5 टक्के निघते. तिन्ही जागी फक्त 2-2 मिलिमीटर जास्त मोजले की तीच 14 टक्क्यांच्या वर जाते. म्हणून खेळाडूच्या बाबतीत टक्क्यांपेक्षा मिलिमीटरची बेरीजच जपून ठेवावी.

विद्यार्थ्याने हा कॅलिपर विकत घेऊ नये. महाग आहे, जड आहे, आणि एकदा पडला की जबडे जुळेनासे होतात. सरावाला स्प्रिंगचा प्लास्टिक कॅलिपर पुरतो. आकडे ढोबळ येतात, पण खूण करणं आणि घडी धरणं त्यावरही पक्कं होतं. मात्र एका खेळाडूच्या हंगामभराच्या नोंदी एकाच कॅलिपरने आणि एकाच मोजणाऱ्याच्या हाताने घ्या, आणि दोन्हींची नोंद आकड्याशेजारी लिहा.