कॅपेसिटाबिन: वारांची डबी की मूळ पाकीट?

कॅपेसिटाबिन ही कर्करोगावरची, केमोथेरपीची गोळी. मावसबहीण विचारत होती, "आईच्या कॅपेसिटाबिनच्या गोळ्या वारांचे कप्पे असलेल्या डबीत भरू की पाकिटातच राहू देऊ?"

विसरभोळेपणावर डबी सरस. कप्पा रिकामा, म्हणजे गोळी पोटात. पाकीट असेल तर कॅलेंडरवर खूण करावी लागते, आणि मावशी तीच विसरेल!

हाताळणीत पाकीट पुढे. गोळी थेट वाटीत पाडता येते, नाव आणि मुदत समोर राहते. डबी भरणाऱ्याने हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत. बीपीच्या गोळ्या त्याच डबीत नकोतच.

खरा घोळ सुट्टीच्या आठवड्यात होतो. बहुतेकांना 14 दिवस गोळ्या, 7 दिवस बंद असं चक्र असतं. हात सवयीने तिसऱ्या आठवड्यातही डबी भरतो.

काहीही निवडा, गोळी जेवणानंतर अर्ध्या तासात, अख्खी, पाण्याबरोबर. चुकलेली मात्रा पुढच्या वेळी दुप्पट घेऊन भरून काढायची नाही. जुलाब वाढले किंवा तळहात-तळपाय सोलवटले, तर पुढच्या गोळीआधी डॉक्टरांना फोन.

स्वतः गोळ्या घेणाऱ्या, नीट नोंद ठेवणाऱ्याला पाकीट बरं. मावशीसारख्यांना डबी, पण भरणारं माणूस एकच हवं.