आश्रम खरा, मुलं खरी, अनाथ मात्र नाहीत

आफ्रिकेतल्या अनाथाश्रमांच्या नावाने देणग्या उकळणारे पहिले दोन-तीन आठवडे पैसे मागत नाहीत. इन्स्टाग्रामवर मुलांच्या नाचाचा व्हिडिओ दिसतो, आपण एक बदाम ठोकतो, आणि दुसऱ्या दिवशी +२५६ ने सुरू होणाऱ्या नंबरावरून ‘गुड मॉर्निंग मम्मी’ असा मेसेज येतो. +२५६ म्हणजे युगांडा. केनियाचा +२५४, घानाचा +२३३. मग रोज एक फोटो. रिकामं पातेलं, गळणारे पत्रे, कुणाचा तरी केकशिवायचा वाढदिवस. पहिली मागणी अगदी लहान असते: पोशोचं एक पोतं. पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडीसारखा घट्ट गोळा, सोबत घेवड्याचं कालवण, तिकडच्या शाळांचं रोजचं जेवण. पोत्याचे पैसे गेले की आठवडाभरात कुणाला तरी मलेरिया होतो, मग घरमालक भाड्यासाठी दारात उभा राहतो, मग शाळेची फी थकते. क्रम जवळजवळ ठरलेला आहे, फक्त मुलाचं नाव बदलतं.

यात दोन जातीचे लोक आहेत. एकाकडे आश्रमच नसतो, दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर दुकान चालतं. हा लवकर पकडता येतो. दुसऱ्याकडे इमारत असते, पाटी असते, चाळीस मुलंही असतात, आणि तुम्ही विमानाचं तिकीट काढून गेलात तरी सगळं जागच्या जागी दिसतं. जास्त नुकसान हा दुसरा करतो, कारण प्रत्यक्ष बघून आलेला माणूस परत आल्यावर त्याच्यासाठी स्वतःच्या तोंडाने वर्गणी मागतो.

आधी कागद. ‘आम्ही रजिस्टर्ड आहोत’ म्हणून जे सर्टिफिकेट पाठवलं जातं ते बहुतेक वेळा खरंच असतं, फक्त भलत्याच गोष्टीचं असतं. युगांडा रजिस्ट्रेशन सर्व्हिसेस ब्युरोचं प्रमाणपत्र म्हणजे त्या नावाची कंपनी नोंदलेली आहे, एवढंच. जिल्ह्याचं किंवा सब-काउंटीचं ‘सीबीओ’ प्रमाणपत्र म्हणजे गावपातळीवरचा गट; आपल्याकडच्या महिला मंडळाच्या नोंदणीपेक्षा त्याचं वजन जास्त धरू नये. २०१६ च्या कायद्याखालचं एनजीओ परमिट याहून वरचं, त्याला मुदत असते, आणि मुदत संपलेलं परमिट फोटोत अंगठ्याने तारीख झाकून दाखवतात. पण मुलांना रात्री ठेवून घ्यायला यांतलं एकही पुरत नाही. त्यासाठी लिंगभाव, कामगार व समाजविकास मंत्रालयाची ‘अप्रूव्हड होम’ म्हणून मंजुरी लागते. ती असली तरी तिथे राहणाऱ्या मुलामागे कुटुंब व बाल न्यायालयाचा केअर ऑर्डर, म्हणजे मूल तिथे ठेवण्याचा आदेश, लागतो.

म्हणून प्रश्न एवढेच विचारा: मंजुरीचा क्रमांक आणि तारीख काय, मंजुरी किती मुलांची, आज किती मुलं आहेत, आणि त्यांतल्या किती जणांचे केअर ऑर्डर झाले आहेत. मुलांची नावं मागू नका. ती गोपनीय असतात आणि चांगली संस्था ती देणारही नाही. मिळालेले आकडे जिल्ह्याच्या प्रोबेशन अँड सोशल वेल्फेअर ऑफिसरकडून पडताळून घ्या. हे पद प्रत्येक जिल्ह्यात असतं. त्याचा नंबर जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावरून घ्यायचा, ज्याचा पत्ता ‘डॉट गो डॉट यूजी’ने संपतो. आश्रमवाल्याने दिलेल्या नंबरावर जो ‘ऑफिसर’ उचलतो तो त्याचा मेहुणाही असू शकतो. उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतील. त्या काळात ‘मुलं उपाशी आहेत आणि तुम्ही कागद मागताय’ असा मेसेज आला, तर तोही उत्तरातच धरा.

बिलांचं गणित घरबसल्या करता येतं आणि ते फारसं कोणी करत नाही. समजा चाळीस मुलांच्या आश्रमाने महिन्याच्या धान्याचं बिल पाठवलं: मक्याचं पीठ ५० किलो, घेवडा २० किलो. निर्वासित छावण्यांत माणशी रोज ४०० ग्रॅम धान्याचा शिधा धरतात. तोच हिशेब लावला तर चाळीस मुलांना दिवसाला १६ किलो पीठ, महिन्याला ४८० किलो. मुलं लहान आहेत म्हणून निम्मं धरा, तरी २४० किलो. घेवडा माणशी ६० ग्रॅम धरला तर महिन्याला ७२ किलो. म्हणजे बिलातलं पीठ फार तर सहा दिवसांचं. आता दोनच शक्यता उरतात: एक तर मुलं चाळीस नाहीत, किंवा ती तिथे जेवत नाहीत, संध्याकाळी आपापल्या घरी जातात. दोन्हींत तुमचे पैसे चाळिसांच्या हिशेबाने जातात. बिलाचा कागदही बघा. एकाच बिलबुकातली लागोपाठची पानं तीन महिन्यांच्या तारखांना आली असतील, तर त्या दुकानाला दुसरं गिऱ्हाइकच नाही असं मानावं लागेल.

फीच्या बाबतीत आपण मराठी माणसं एका खास कारणाने फसतो. जूनमध्ये ‘नवीन वर्षाची प्रवेश फी’ मागितली की आपल्याला ते अगदी साहजिक वाटतं, कारण आपली शाळा जूनमध्ये उघडते. युगांडात शाळेचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं, दुसरं सत्र मेच्या सुमारास, तिसरं सप्टेंबरमध्ये. शाळेचं नाव घ्या, शाळेला थेट विचारा, आणि भरायचीच असेल तर फी शाळेच्या बँक खात्यात भरा. आश्रमवाला ‘शाळा परदेशातून पैसे घेत नाही’ म्हणाला तर विषय तिथेच सोडा. मलेरियाचंही तसंच. सरकारी दवाखान्यांतली फी तिथे २००१ सालीच बंद झाली. औषधं संपलेली असतात आणि बाहेरून घ्यावी लागतात, हेही खरं. पण साध्या मलेरियाच्या गोळ्यांचा कोर्स तीन दिवसांचा असतो. त्यासाठी कोणी पाचशे डॉलर मागत असेल तर तो औषधाचा भाव नव्हे.

व्हिडिओ कॉलवर विसंबू नका, निदान आपण जसा करतो तसा. आपण म्हणतो, ‘मुलांना दाखवा’, आणि तो दाखवतो. गल्लीतली पंधरा मुलं गोळा करायला बिस्किटांचा एक पुडा पुरतो. उलट, जी संस्था अनोळखी माणसाला मुलांचे चेहरे दाखवायला साफ नकार देते, ती बहुधा बरी. तुम्ही मुलं नाही, खोल्या मागा. युगांडा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. आपल्या दुपारी दीड वाजता तिथे सकाळचे अकरा. शाळेच्या दिवशी त्या वेळी आश्रम रिकामा असायला हवा. तेव्हा पलंग मोजा, मच्छरदाण्या मोजा, टूथब्रश मोजा, कोठीतली पोती बघा. कॅमेरा न थांबवता दारापासून मागच्या अंगणापर्यंत चालत जायला सांगा. चाळीस मुलं आणि नऊ पलंग असतील तर बाकीची झोपतात कुठे, हे विचारायला इंग्रजी फार चांगलं असावं लागत नाही. आणि अकरा वाजता मुलं तिथेच बसलेली दिसली, तर ज्या शाळेची फी तुम्ही भरली ती कुठे आहे, हेही विचारा.

आता पैसे जातात कसे. इथे नियम आपल्याच बाजूचे आहेत, म्हणून फसवणारा ते टाळायला सांगतो. भारतातल्या कुणालाही परदेशी देणगी पाठवायची तर बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, पॅन देऊन, ए-२ फॉर्म भरून पाठवावी लागते. परदेशी धर्मादाय संस्थेच्या देणगीला वेगळा उद्देश-कोड असतो. ‘कुटुंबाचा उदरनिर्वाह’ असं खोटं लिहू नका. पैसे संस्थेच्या नावच्या खात्यातच जायला हवेत, आणि ते नाव मंजुरीच्या कागदावरच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. स्विफ्ट कोड म्हणजे परदेशी बँकेची ओळख सांगणारी खूण; त्यातलं पाचवं आणि सहावं अक्षर देशाचं असतं: युगांडासाठी यूजी, केनियासाठी केई. तिथे भलताच देश दिसला तर फॉर्म फाडून टाका.

बँक नको म्हणून जी पळवाट सुचवली जाते ती बहुधा अशी: ‘आमचा एक विद्यार्थी बेंगळुरूला शिकतो, त्याच्या यूपीआयवर टाका.’ हे भाड्याने घेतलेलं खातं असतं. पुढे सायबर पोलीस त्या खात्याची साखळी तपासतात, तेव्हा तुम्हालाही जबाब द्यावा लागू शकतो. तसंच सोसायटीत, भिशीत, शाळेच्या ग्रुपवर वर्गणी गोळा करून स्वतःच्या खात्यातून पाठवू नका. पैसे माझे स्वतःचे आहेत, असं त्या योजनेखाली तुम्ही लिहून देता. चाळीस जणांचे पैसे तुमचे होत नाहीत. ज्याने त्याने आपापल्या खात्यातून पाठवावेत. शिवाय परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही. ‘८०जी पावती देतो’ म्हणणारा युगांडन आश्रम ही नुसती थाप आहे. इथलाच कोणी ट्रस्ट ‘आमच्याकडे द्या, आम्ही आफ्रिकेत पोचवतो’ म्हणत असेल, तर भारताबाहेर खर्च करायला त्यांच्याकडे प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी आहे का, हे विचारा.

स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर आणखी एक फी सुरू होते. राहण्याजेवण्याचे आठवड्याचे डॉलर, ‘प्लेसमेंट’, ‘निमंत्रणपत्र’, विमानतळावरून आणण्याचे वेगळे. पर्यटक ई-व्हिसा ५० डॉलरचा असतो आणि तो इमिग्रेशनच्या सरकारी पोर्टलवर स्वतः काढता येतो. मात्र त्या व्हिसावर काम करता येत नाही, बिनपगारीही नाही. ‘एंटेबेच्या विमानतळावर विचारलं तर टुरिस्ट सांगा’ असं जो शिकवतो, तो गोत्यात आल्यावर तुमच्यासाठी उभा राहणार नाही. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्या; तिच्या कार्डाशिवाय परतलात तर भारतात सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. आणि एक सोपी कसोटी: मुलांमध्ये राहायला पाठवताना त्यांनी तुमच्याकडे पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं का? ते आपल्याकडे पासपोर्ट सेवेतून निघतं. मागितलं नसेल, तर तुमच्याआधी आलेल्या कुणाकडेही मागितलेलं नाही.

युगांडातल्या जिंजाला नाईलच्या उगमाशी गांधीजींचा पुतळा आहे, भारतीय पर्यटक तिथे थांबतातच. ‘जवळच एक ऑर्फनेज आहे, अर्धा तास जाऊन येऊ’ असं ड्रायव्हरने सुचवलं तर जाऊ नका. तिथे तुम्ही गाडीतून उतरताच एक तीन वर्षांचं पोर धावत येऊन पायाला मिठी मारेल, वर उचलून घ्यायला लावेल, आणि तुम्ही विरघळाल. पण घरात वाढणारं तीन वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागे लपतं. जे कुणाच्याही गळ्यात पडतं, त्याची माणसं सारखी बदलली आहेत. तुम्ही त्या रांगेतले पुढचे.

आता मूळ दुखण्याकडे. आश्रमांतल्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांचे आई किंवा वडील जिवंत असतात, असं सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २००९ मध्येच मांडलं होतं. ‘अनाथ’ या शब्दाची मोजणीही फसवी आहे: संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येत एक पालक गेलेलं मूलही अनाथ धरतात, मग आई घरी शेती करत असली तरी. देणगी डोईमागे येते, म्हणून डोकी भरावी लागतात, आणि ती खेड्यातून ‘शिकवतो, जेवू घालतो’ सांगून आणली जातात. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने युगांडातले दोन न्यायाधीश, एक वकील आणि तिचा साथीदार यांच्यावर निर्बंध घातले. दुर्गम भागातल्या आईबापांना शिक्षणाचं आमिष दाखवून मुलं कंपालाला आणली होती, तिथल्या परवाना नसलेल्या आश्रमातून ती दत्तक गेली. युगांडाच्या स्वतःच्या २०१२ च्या पर्यायी संगोपन धोरणात आश्रम हा शेवटचा पर्याय आहे. त्याआधी नातेवाईक, मग पालक-कुटुंब, मग दत्तक. केनियाने तर नोव्हेंबर २०१७ मध्ये नव्या बालसंस्थांची नोंदणीच थांबवली. म्हणून भेटीत विचारायचा प्रश्न ‘अजून किती मुलांना जागा आहे’ हा नाही. ‘गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली, आणि त्यांच्या मागे कोण जातं’ हा आहे. उत्तर शून्य असेल तर तुमची देणगी त्या मुलांना घरापासून दूर ठेवायला वापरली जाते.

पैसे आधीच गेले असतील तर यूपीआयचे असल्यास लगेच १९३० ला फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. काही तासांत केली तर खातं गोठण्याची शक्यता असते. स्विफ्टने गेले असतील तर त्याच दिवशी शाखेत जाऊन पैसे परत मागवणारा रिकॉल मेसेज पाठवायला सांगा. चॅट डिलीट करू नका, त्याला ब्लॉक करण्याआधी सगळं एक्सपोर्ट करून ठेवा. महिन्याभरात ‘इंटरपोल’ किंवा ‘कंपालाचे वकील’ म्हणून कोणी येईल आणि थोड्या फीवर पैसे परत मिळवून देतो म्हणेल. तुमचा नंबर त्याला विकणारा बहुधा पहिलाच भामटा असतो.

आणि आश्रम खरा निघाला, मुलं खरंच तिथे राहत असली, तर संतापून एका रात्रीत हप्ता तोडू नका. पुढच्या महिन्यात जेवण कमी होईल ते मुलांचं, चालवणाऱ्याचं नाही. प्रोबेशन ऑफिसरला लेखी कळवा, त्याची प्रत मंत्रालयाला द्या, आणि आश्रमाला सांगा की यापुढे पैसे फक्त शाळेच्या खात्यात जातील, तेही चालू वर्ष संपेपर्यंत.