केशरी बोया आणि फिंगर स्पूल: अख्खा सीझन वापरून झाल्यावर

ऑक्टोबरात घेतला, मेअखेर मालवणचं डायव्हिंग बंद झालं तेव्हा लॉगबुक मोजलं तर २२ डाइव्ह झालेले, म्हणून आता लिहितोय. दीड मीटरचा केशरी एसएमबी, म्हणजे डायव्हर खाली कुठे आहे हे होडीला दिसावं म्हणून पाण्याखालून वर सोडायचा लांबट फुगा (यालाच मी बोया म्हणतो), तोंडाने फुंकता येतो असा, आणि ३० मीटर दोरीचा साधा फिंगर स्पूल. स्पूल म्हणजे मधे भोक असलेली प्लास्टिकची चकती, बाकी काही नाही, आणि तेच तर मला आवडलं.

आधी माझ्याकडे रॅचेटवाला, म्हणजे दोरी खटक्याने अडवणारा रील होता. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला १२ मीटरवरून बोया सोडला आणि दोरी आत अडकली, वर मी शहाण्याने रील बीसीडीला (अंगातलं हवा भरायचं जॅकेट) क्लिप करून ठेवलेला, म्हणजे बोया वर आणि पाठोपाठ मी पण वर, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर फार वेगाने वर येतोय म्हणून बोंबलतोय. ६ मीटरवर कसाबसा क्लिप सुटला. स्पूल अडकला तर हातातून सोडून द्यायचा, विषय संपला.

फुंकण्याचं म्हणाल तर मी आधी ऑक्टोपसने (टाकीला जोडलेला श्वास घ्यायचा जादाचा तोंडाचा तुकडा) भरायचो, पण टाकीतली हवा बोयात गेली की आपणही लगेच उचललो जातो. तोंडाने फुंकलं तर फुफ्फुसातलीच हवा बोयात जाते, त्यामुळे तेवढ्यापुरते आपण जागेवरच राहतो, फक्त शेवटचं फुंकून झाल्यावर नवीन श्वास घ्यायच्या आधी बोया सोडायचा. हे हाताला बसायला मला सात-आठ डाइव्ह लागले, खोटं कशाला बोलू. १० मीटरवर अर्धा भरला तरी वर जाऊन पूर्ण टम्म होतो कारण दाब निम्मा होतो, जास्तीची हवा रिलीफ व्हॉल्व्हमधून जाते. मला दोन श्वास पुरतात, एकात भागवलं तर तो पाण्यावर आडवा लोळतो. आणि सोडायच्या आधी वर बघा राव, डोक्यावर कोणी डायव्हर किंवा होडी नाही ना.

सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना घ्यायच्या थांब्याला, ५ मीटरवर तीन मिनिटं दोरी ताठ ठेवावी लागते, ढिली सोडली की बोया लगेच मान टाकतो. मालवणला पाणी गढूळ आणि वर ट्रॉलरची ये-जा, तिथे हा नसेल तर मी आता उतरतच नाही. आमचे होडीवाले काका एरवी कुणाचं कौतुक करत नाहीत, ते म्हणाले, "तुमचो बोयो लांबसून दिसलो."

तक्रारी आहेत. सोबत आलेला बोल्ट स्नॅप (अडकवायचा सरकत्या खटक्याचा हूक) तिसऱ्या महिन्यात गंजून आवळला, ग्लोव्ह घालून उघडेचना, स्टेनलेसचा वेगळा घ्यावा लागला. एकदा फुंकायच्या व्हॉल्व्हमधे वाळूचा कण अडकला आणि बोया वर जाऊन हळूहळू बसला, तेव्हापासून घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत व्हॉल्व्ह दाबून दाबून धुतो. केशरी रंग थोडा उडालाय, पण तो मीच बाल्कनीत उन्हात वाळत घातल्यामुळे.