साम्राज्याची कचेरी: ‘अँडोर’ ही मालिका डिचोलीतून पाहताना

‘स्टार वॉर्स’च्या विश्वातील ‘अँडोर’ या मालिकेची दोन्ही पर्वे, म्हणजे एकूण २४ भाग, मी डिचोलीच्या आमच्या घरी जिओहॉटस्टारवर आईबरोबर पाहिली. इंग्रजी संवादांचा वेग तिला झेपत नसल्यामुळे मी जागोजागी चित्र थांबवून आशय मराठीत सांगत होते, आणि त्या थांबण्यामुळेच टोनी गिलरॉय यांनी ही मालिका किती विचारपूर्वक रचली आहे हे माझ्या ध्यानात आले. चमकत्या तलवारींऐवजी येथे बैठका आहेत, अहवाल आहेत आणि बढतीसाठी एकमेकांवर मात करू पाहणारे अधिकारी आहेत. आकाशगंगेवर राज्य करणाऱ्या साम्राज्यासारखी जुलमी सत्ता मुख्यतः कचेरीतून चालते, हे इतक्या बारकाईने दाखवणारी दुसरी विज्ञानकथा मी छोट्या पडद्यावर पाहिलेली नाही.

२०२२ मधील पहिल्या पर्वात नायक कॅसियन अँडोर समुद्रकिनाऱ्यावरच्या एका पर्यटनस्थळी लपून राहतो. वाटेने चाललेल्या या माणसाला एक शिपाई हटकतो, आणि काहीही केलेले नसताना त्याला सहा वर्षांची शिक्षा होते. किनारा म्हणजे मोकळीक, ही जाहिरात रोज पाहणाऱ्या गोवेकराला हा प्रसंग विशेष बोचतो. पुढे तुरुंगात अनवाणी कैदी विजेच्या फरशीवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात, आणि शिक्षा संपली तरी कोणीच सुटत नाही हे त्यांना हळूहळू उमगते.

२०२५ च्या दुसऱ्या पर्वाचा गाभा म्हणजे घोरमन हा ग्रह. तेथील लोक कोळ्याच्या रेशमाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहेत, परंतु साम्राज्याला हवे आहे ते त्यांच्या पायांखालचे कॅल्काइट हे खनिज. एका डोंगरावरच्या गुप्त बैठकीत हा ग्रह उद्ध्वस्त करण्याची योजना सभ्य भाषेत मांडली जाते, आणि प्रचारखात्याची माणसे घोरमनचे लोक उर्मट आहेत ही समजूत आधीपासूनच कशी पसरवली जात आहे ते अभिमानाने सांगतात. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्झे येथे ज्यूंच्या संहाराची आखणी करण्यासाठी झालेली नाझी अधिकाऱ्यांची बैठक या दृश्यामागे आहे. खाणपट्ट्यात वाढलेल्या माझ्यासारखीला मात्र इतिहासाच्या पुस्तकाआधी घराजवळचे लालभडक ढिगारे आठवले. खनिजाच्या हिशेबात त्यावर राहणारी माणसे कशी वजा होतात, हे आम्हाला समजावून सांगावे लागत नाही.

घोरमनच्या चौकात नि:शस्त्र जमाव आपले गीत गाऊ लागतो आणि गोळीबार सुरू होतो, तेव्हा आई बराच वेळ बोलली नाही. तिचे माहेर पेडण्याचे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीज पोलिसांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, ती हकीकत तिने आपल्या वडिलांच्या तोंडून अनेकदा ऐकली होती, आणि त्या रात्री तिने ती मला पहिल्यांदाच सलगपणे सांगितली.

चाहत्यांच्या प्रतिक्रियांबद्दल मला आस्थेने काही म्हणायचे आहे. माझ्या मित्रमंडळींपैकी काहींची तक्रार अशी की मनोरंजनात राजकारण कशाला आणले. परंतु जॉर्ज लुकस यांनी १९७७ चा मूळ चित्रपट रचताना व्हिएतनाम युद्ध नजरेसमोर ठेवले होते, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. म्हणजे राजकारण या कथेत नव्याने शिरलेले नाही. दुसरा गट प्रत्येक प्रसंगाला आजच्या एखाद्या देशाची पाटी लावतो. सिनेटर मॉन मॉथ्मा भर सभागृहात ‘वंशसंहार’ हा शब्द उच्चारते, तेव्हा प्रत्येकाच्या मनात वेगळा देश उभा राहतो आणि मग त्यावरच वाद पेटतात. दुसऱ्या पर्वाचे चित्रीकरण फेब्रुवारी २०२४ मध्येच पूर्ण झाले होते, त्यामुळे ते २०२५ च्या बातम्यांचे भाष्य असणे शक्यच नव्हते. एकाच देशाची पाटी लावली की पत्रादेवी आणि वान्झे यांना कथेत जागा उरत नाही, आणि माझ्या मते रूपकाचे खरे बळ तेथेच आहे.

उणीव आहे ती घाईची. मूळ बेत पाच पर्वांचा होता. तो दोन पर्वांत बसवताना दुसऱ्या पर्वात दर तीन भागांनंतर कथा वर्षभर पुढे जाते. याचा फटका कॅसियन आणि त्याची प्रेयसी बिक्स यांच्या नात्याला बसला आहे, आणि तिने त्याला सोडून जाण्याचा निर्णय मला पटला नाही. पहिल्या पर्वाचे पहिले तीन भाग संथ आहेत, तरी ते गाळू नयेत, कारण कॅसियनला वाढवणाऱ्या मार्वाच्या अंत्ययात्रेचा परिणाम त्यांच्यावरच उभा आहे. अंत्ययात्रेच्या भागातील मार्वाचे आधीच नोंदवून ठेवलेले भाषण आईने दुसऱ्यांदा लावायला सांगितले, आणि त्या वेळी मला मध्ये थांबू दिले नाही.