ग्रिमच्या कथा: हंट यांची प्रत घ्यावी की टेलरची?

ग्रिम बंधूंच्या परीकथांची पूर्ण प्रत हवी असेल आणि त्यांतला ज्यूंविषयीचा पूर्वग्रह समजून घ्यायचा असेल तर मार्गारेट हंट यांचे 1884 चे इंग्रजी भाषांतर घ्यावे, तेही टिपांसकट. दुकानात दोनच गोष्टी तपासा: 200 कथा आणि 10 धर्मकथा असा आकडा भरतो का, आणि मागे ग्रिम बंधूंच्या टिपा आहेत का. बऱ्याच पुनर्मुद्रणांत टिपा गाळलेल्या असतात.

मग 110 वी कथा उघडा. तीन वर्षे राबून तीन दमड्या पदरात पडलेल्या गड्याला एका बुटक्याकडून जादूचे व्हायोलिन मिळते. वाटेत बोकडदाढीचा ज्यू भेटतो. मारलेला पक्षी उचलायला तो काटेरी झुडपात शिरतो, गडी व्हायोलिन छेडतो आणि ज्यूला काट्यांतच नाचावे लागते. सुटकेसाठी तो मोहरांची थैली देतो, मग न्यायाधीशाकडे दाद मागतो. पण फासावर चढतो तोच, कारण नाचून नाचून जीव जायची वेळ आल्यावर ‘पैसे मी चोरले’ असे तो कबूल करतो. छळाने वदवलेली कबुली म्हणजे काय, हे गोव्यात वेगळे सांगायला नको. ग्रिमचा पहिला खंड निघाला 1812 साली. इथले इन्क्विझिशनही, म्हणजे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय, त्याच वर्षी बंद झाले. पणजीच्या बागेला ज्याचे नाव आहे तो पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता ज्यू कुळातला. 1568 मध्ये तो वारला आणि 1580 मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली.

टिपा का हव्यात? ग्रिमनी हाताळलेल्या 1618 च्या जुन्या नाटकात काट्यांत नाचतो तो मठातला साधू. कथा तीच, विनोद तोच, फक्त माणूस बदलला.

एडगर टेलरच्या 1823 च्या भाषांतराच्या आज मिळणाऱ्या काही आवृत्त्यांत ज्यूच्या जागी कंजूष म्हातारा आहे. झोपताना मुलांना वाचून दाखवायला ठीक, पण पूर्वग्रह समजून घ्यायचा तर ही प्रत कुचकामी. काही स्वस्त प्रतींत हेच भाषांतर असते.

7 व्या कथेत ज्यू मोड देताना हलके ग्रोशन (जुनी जर्मन नाणी) खपवतो, तीन हलके म्हणजे दोन खरे, आणि शेवटी शेतकऱ्याच्या वाट्याचे 300 फटके खातो. त्या काळच्या युरोपात ज्यूंना कारागिरांचे संघ बंद, जमीन बहुतेक ठिकाणी निषिद्ध. मग सावकारी, नाणेबदल आणि जुन्या मालाचा व्यापार एवढेच उरते. आपल्या कोकणातले ज्यू घाणे चालवत, शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोकांनी त्यांना शनवार तेली म्हटले. धंदा वेगळा, प्रतिमाही वेगळी.

115 वी चुकवू नका. शिंप्याचा कारागीर ‘ज्यू म्हणजे पैसा’ असे धरून एका ज्यूचा खून करतो. खिशात निघतात आठ दमड्या. इथे मात्र कथाच त्या समजुतीला खोटे पाडते.

ग्रिमच्या कथांतला बुटका रुम्पेलस्टिल्ट्स्किन किंवा जंगलातली चेटकीण ज्यूच असणार, असले तर्क मात्र लढवू नयेत. मूळ मजकुरात तसे लिहिलेले नाही.

वाचनालयांनी हंट यांची प्रत बालविभागात ठेवू नये. आठवी-नववीच्या मुलांना द्यायची तर 110 व्या कथेच्या पानात तिच्या टिपेची झेरॉक्स घालून द्यावी.