सरकारचं कर्ज फेडायला करवाढ बरी की करकपात?

माझा कौल करवाढीला, पण कर कुणावर हे बघून. मे २०२० मध्ये कच्चं तेल घसरलं होतं, तेव्हा केंद्राने डिझेलवरचा कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढवला. तिजोरीत भर पडली. स्वस्त तेलाचा फायदा मात्र रत्नागिरीच्या मिरकरवाडा मासेमारी बंदरापर्यंत पोचलाच नाही. जाळ्यात मासळी येवो न येवो, ट्रॉलरची टाकी भरावीच लागते. असा कर मला जाचक वाटतो.

कपातीचं म्हणाल तर सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनीकर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. १.४५ लाख कोटींच्या महसुलावर पाणी सोडावं लागेल, हा सरकारचाच अंदाज. कपातीने धंदा वाढतो, पण गेलेला सगळा कर त्यातून सहसा वसूल होत नाही. खर्च तेवढाच राहिला की उसनवारी आलीच.