हालचाल मोजायची कशी: यंत्राने की प्रश्नावलीने?

सेरेब्रल पाल्सी (विकसित होणाऱ्या मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असलेलं मूल दिवसभरात किती हालचाल करतं, हे कमरेला बांधलेला ॲक्सेलेरोमीटर, म्हणजे हालचाल टिपणारं छोटं यंत्र, मिनिटामिनिटाला नोंदवतो. पालकांनी आठवून भरलेल्या प्रश्नावलीत आकडा बऱ्याचदा फुगतो. तरी यंत्रावर डोळे झाकून विसंबू नये. कोणती हालचाल हलकी, कोणती जोरकस, हे ठरवणारे त्याचे निकष बहुधा सेरेब्रल पाल्सी नसलेल्या मुलांवरून ठरवलेले असतात. या मुलांना तेवढंच चालायला जास्त ऊर्जा लागते, ती त्यात दिसत नाही. व्हीलचेअर हातांनी रेटणारं मूल तर कमरेवरच्या यंत्राच्या लेखी नुसतं बसलेलं! प्रश्नावलीतून निदान कोणता खेळ, कोणासोबत, हे कळतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेली मध्यम ते जोरकस हालचालीची रोजची सरासरी ६० मिनिटं तपासायची, तर चालणाऱ्या मुलासाठी मी यंत्र निवडेन. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी मनगटावरचं यंत्र आणि जोडीला पालकांची रोजची नोंदवही.